शून्य हुंडणावळीचा हिशेब

पैसा एका हातातून दुसऱ्या हाती जायला खर्च येतो, हे मराठवाड्यातील जुन्या व्यापाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नसे. निजामाच्या राज्यात व्यवहार हाली शिक्क्यात होई; पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात माल न्यायचा वा आणायचा तर कळदार रुपया लागे. शंभर कळदारांसाठी एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागत, आणि या अदलाबदलीत सराफ आपला बट्टा कापून घेई. दूरच्या पेठेवर रक्कम पाठवायची तर हुंडी, आणि हुंडी आली की हुंडणावळ आलीच. पुढे टपाल खात्याच्या मनिऑर्डरीने खेड्यापाड्यांतील कुटुंबांना मोठा आधार दिला. पण तिलाही वीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे शेकडा पाच, असे कमिशन होतेच. नाणे बदलले, वाहक बदलला. वहनाचे मोल मात्र कोणी ना कोणी देत आले.

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर हे असेच एक बाजाराचे गाव. हळद, सोयाबीन आणि कापूस यांच्या पैशावर त्याची पेठ चालते. या पेठेत आता चहाच्या टपरीपासून कृषी सेवा केंद्रापर्यंत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोनी कागद दर्शनी भागी चिकटवलेला असतो. गिऱ्हाईक त्यासमोर मोबाइल धरते, गुप्त अंक दाबते, आणि गल्ल्याजवळची एक छोटी डबी मिळालेली रक्कम मोठ्याने पुकारते. दहा रुपयांच्या चहाचे पैसे या रीतीने चुकते होतात आणि त्यातील एक पैसाही वाटेत गळत नाही. यूपीआय या पद्धतीने होणाऱ्या व्यवहारांवर दुकानदाराकडून काहीही कापून घेऊ नये, असा कायदाच केंद्र सरकारने केला व तो १ जानेवारी २०२० पासून अमलात आला. हुंडणावळ शून्य! अर्थव्यवहाराच्या इतिहासात ही घटना सामान्य नव्हे.

परंतु जुलै २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी या व्यवस्थेचा खर्च कोणाला तरी सोसावाच लागेल, असे जाहीरपणे सांगितले. त्याच्या महिनाभर आधीच अर्थ मंत्रालयाने, यूपीआयवर आकार बसणार असल्याच्या बातम्या निराधार आहेत, असा खुलासा केला होता. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी मानली तरी एक प्रश्न उरतो. हा शून्य आखाडा बाळापूरच्या दुकानदारापर्यंत पोचतो तेव्हा खरोखर शून्यच असतो काय?

कागद, लहरी आणि चार दारे

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी पैसा नेमका कसा जातो हे पाहिले पाहिजे. हाताला हात न लावता मोबाइलने पैसे देण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांचे अर्थशास्त्र एकमेकांपासून फार भिन्न आहे. मोठ्या शहरांतील दुकानांत गिऱ्हाईक आपला फोन एका यंत्राच्या जवळ, दोन-चार सेंटिमीटरवर आणते. फोन व यंत्र यांच्यामध्ये अतिशय कमी पल्ल्याच्या रेडिओलहरींनी संदेशाची देवघेव होते. या तंत्राला एनएफसी म्हणतात. फोनमध्ये ग्राहकाच्या कार्डाचा खरा क्रमांक न ठेवता त्याच्या बदली दुसराच एक अंक ठेवलेला असतो, आणि तोच यंत्राला कळविला जातो. त्यामुळे यंत्रातून कोणी माहिती चोरली तरी मूळ कार्ड सुरक्षित राहते. मात्र येथे दुकानदाराला यंत्र घ्यावे लागते वा भाड्याने आणावे लागते, आणि व्यवहार कार्डाच्या मार्गाने जात असल्याने त्यावर कपात होते. इंग्रजी परिभाषेत तिला मर्चंट डिस्काउंट रेट असे भारदस्त नाव आहे. पेढीवरच्या मराठीत तो वटावच. हा वटाव कार्ड देणारी बँक, कार्डाचे जाळे चालविणारी कंपनी आणि दुकानदाराची बँक यांच्यात वाटला जातो.

ठिपक्यांच्या कागदाचे तसे नाही. क्यूआर नावाची ही आकृती १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाली, ती मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. दुकानात चिकटवलेला कागद स्वतः काहीच करीत नाही. त्यावर दुकानदाराच्या खात्याचा पत्ता तेवढा लिहिलेला असतो. घराच्या दारावर पाटी असावी तसा. गिऱ्हाइकाचा फोन तो पत्ता वाचतो आणि रकमेसह नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या, बँकांनीच उभ्या केलेल्या संस्थेकडे धाडतो. ही संस्था गिऱ्हाइकाच्या बँकेला विचारते. ती बँक गुप्त अंक ताडून पाहते आणि खात्यातून रक्कम वजा करते. मग दुकानदाराच्या बँकेला रक्कम जमा करण्याची आज्ञा जाते. शेवटी दोघांनाही निरोप मिळतो. चार दारे ठोठावून निरोप काही सेकंदांत परत येतो. बँकाबँकांमधील देणे-घेणे मात्र त्या क्षणी फिटत नाही. दिवसातून अनेक वेळा त्याची वजाबाकी होऊन उरलेली बाकी रिझर्व्ह बँकेतील खात्यांवर चुकती केली जाते.

यातील अर्थशास्त्रीय मेख अशी की, पहिल्या पद्धतीत भांडवली खर्च दुकानदाराने करायचा असतो. दुसरीत तो गिऱ्हाइकाने आधीच केलेला असतो. फोन त्याचा, फोनमधील डेटा त्याचा. दुकानदाराचा फक्त कागद. ग्रामीण बाजारपेठेत कार्डाचे यंत्र रुजले नाही आणि कागद मात्र पाहता पाहता पसरला, याचे रहस्य येथे आहे. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयचा आरंभ झाला. ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात तिच्यावरून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले आणि सुमारे २४ लाख ८५ हजार कोटी रुपये इकडून तिकडे गेले.

शेकडा किती?

शून्याच्या आधी काय होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये डेबिट कार्डावरील वटावाला मर्यादा घातली: दोन हजार रुपयांपर्यंतच्या खरेदीवर शेकडा ७५ पैसे, त्यावर शेकडा एक रुपया. जानेवारी २०१८ पासून ही रचना उलाढालीवर बेतली गेली. वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या लहान व्यापाऱ्याला यंत्रावर शेकडा ४० पैसे व क्यूआरवर ३० पैसे. मोठ्याला अनुक्रमे ९० व ८० पैसे, अशी ती मर्यादा होती. लहानाला कमी आणि मोठ्याला अधिक हे तत्त्व तीत होते. २०२० च्या शून्याने रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांच्यापुरता दरही काढून टाकला आणि त्याबरोबर हे तत्त्वही गेले.

आता ती बोलणारी डबी पाहू. वरवर ती ऐच्छिक आहे. पण गिऱ्हाइकाने दाखविलेला मोबाइलचा पडदा खरा की बनावट, हे ओळखण्याचे साधन दुकानदाराजवळ नसते. बनावट पडदा दाखवून माल नेण्याचे प्रकार देशभर घडले आहेत. आठवडी बाजाराच्या गर्दीत, हात पिठाने वा तेलाने भरलेले असताना, प्रत्येक वेळी स्वतःचा फोन उघडून पाहणे शक्य नाही. म्हणून डबी लागते, आणि डबीला महिन्याला साधारण शंभर-सव्वाशे रुपये भाडे पडते.

समजा, एखाद्या टपरीवर रोज ५०० रुपये मोबाइलने जमा होतात. महिन्याचे १५,००० झाले. शंभर रुपये भाडे धरले तर शेकडा ६७ पैसे पडले. ज्या किराणा दुकानात रोज ३,००० रुपये या मार्गाने येतात, त्याच्या ९० हजारांवर तेच भाडे शेकडा ११ पैसे होते. रोज २०,००० रुपये घेणाऱ्या कृषी सेवा केंद्राला ते शेकडा दोन पैसेही पडत नाही. २०१८ चा क्यूआरचा दर या तिघांना लावून पाहिला तर टपरीवाल्याला ४५ रुपये, किराणा दुकानदाराला २७० रुपये, आणि उलाढालीने मोठ्या व्यापाऱ्यांत मोडणाऱ्या कृषी सेवा केंद्राला ४,८०० रुपये महिन्याला द्यावे लागले असते. तात्पर्य, ज्याच्या नावाने शून्याचा उद्घोष झाला, तो टपरीवाला डबीचे भाडे भरून जुन्या वटावाच्या दुपटीहून अधिक देतो. आणि ज्याला वटाव देणे सहज परवडले असते, तो जवळजवळ काहीच देत नाही. करशास्त्रात ज्याला प्रतिगामी भार म्हणतात, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

याचा अर्थ २०१८ चा दर सरसकट परत आणावा असा मात्र नव्हे. साखर-तेलासारख्या मालावर किराणा दुकानदाराला शेकडा दोन-तीन रुपये सुटतात तेव्हा त्याने पुष्कळ मिळवले असे म्हणायचे. त्यातील ३० पैसे म्हणजे नफ्याचा दहावा हिस्सा. तो मागितला गेला तर गल्ल्यावरचा कागद निघेल आणि पुन्हा नोटा मोजल्या जातील.

शून्याच्या पोटात आणखीही काही दर दडलेले आहेत. २०२२ पासून रुपेचे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले. लहान व्यापाऱ्याकडे दोन हजार रुपयांपर्यंतच्या अशा खरेदीवर वटाव नाही. त्यापुढे मात्र तो लागू होतो. एप्रिल २०२३ पासून पाकीटवजा खात्यांतून, म्हणजे वॉलेटमधून, होणाऱ्या दोन हजारांवरील व्यवहारांवर शेकडा १ रुपया १० पैशांपर्यंत आकार ठरला. तो ग्राहकाकडून घ्यायचा नाही, हे खरे. परंतु दुकानदाराच्या बाजूने तो सोसावा लागतो. ठिपक्यांचा कागद एकच, गिऱ्हाइकाची कृतीही तीच. पैसे बचत खात्यातून आले, वॉलेटमधून आले की उधारीच्या कार्डातून, हे डबी पुकारीत नाही.

नोटांचा बट्टा परतला

मोबाइलचा पैसा आखाडा बाळापूरच्या पेठेत येतो, पण पेठेतून बाहेर जाताना त्याला सर्वत्र वाट मिळत नाही. नांदेडच्या घाऊक व्यापाऱ्याला तो पाठविता येतो. शेतावरची मजुरी मात्र बहुतांशी रोखीने द्यावी लागते. हळद काढणे, शिजविणे, वाळविणे, घोळणे या कामांच्या दिवसांत रोख रकमेची गरज एकदम वाढते. दुसरीकडे, मोंढ्यातील मोठा सौदा यूपीआयच्या आवाक्यातच नाही; एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवायची मर्यादा दिवसाला साधारण एक लाख रुपये आहे, आणि दहा-बारा क्विंटल चांगली हळद विकली की ती ओलांडली जाते. तेथे धनादेश, बँकेतून थेट हस्तांतर आणि रोख यांचेच राज्य आहे. म्हणजे पिकाचा मोठा पैसा एका वाटेने येतो, मजुरी दुसऱ्या वाटेने जाते, आणि मोबाइलचा पैसा मधल्या किरकोळ बाजारात खेळत राहतो.

या वाटा जिथे जुळत नाहीत तिथे बट्टा जन्म घेतो. बँकेची शाखा बंद असली, एटीएममध्ये नोटा नसल्या की गरजू माणूस दुकानदाराला मोबाइलवर पैसे पाठवून त्याच्याकडून रोख मागतो. ग्रामीण भागात ही रीत रूढ होत चालली आहे आणि त्यासाठी शेकडा एक रुपयापर्यंत घेणारेही आहेत. हाली आणि कळदार यांच्या सीमेवर सराफ जे करी तेच हे काम. फरक इतकाच की आता दोन्हीकडे रुपया एकच आहे. यासाठी दुकानदाराला दोष देण्याचे कारण नाही, कारण बँकेचे काम तो करतो. पण कायद्याने रद्द केलेला आकार मागील दाराने, आणि तोही सर्वांत गरजू माणसाकडून, वसूल होतो हे विसरता येत नाही.

रोकड तरी कोठे फुकट असते? नोटा छापण्यासाठी रिझर्व्ह बँकेला २०२४-२५ मध्ये सुमारे ६,३७३ कोटी रुपये खर्च आला. त्या वाहून नेणे, मोजणे, राखणे हा खर्च निराळा. आणि सुट्या पैशांऐवजी हाती पडणारी गोळी-चॉकलेटे हा खर्च तर कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. मोबाइलच्या पैशाने हा सारा त्रास पुष्कळ कमी केला आहे. मुंबई-पुण्याकडे कामाला गेलेल्या मुलाला घरी हजार रुपये पाठविण्यासाठी मनिऑर्डरीच्या हिशेबाने पन्नास रुपये पडले असते. आज काही पडत नाही. या लाभाचे मोल कमी लेखणारा अर्थशास्त्री ग्रामीण जीवनाशी अपरिचितच म्हटला पाहिजे.

दुकानदाराला आणखी एक किंमत मोजावी लागते, ती पैशांत मोजता येत नाही. जुन्या पेठेत दुकानदाराची वही त्याच्या गादीखाली असे. आता तिची एक प्रत दुसऱ्याच्या हाती असते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या जमेवरून हजारो लहान व्यापाऱ्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा पाठविल्या, तेव्हा बंगळूरच्या अनेक दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. मागील थकबाकीची वसुली करणार नाही, असे त्या राज्याच्या सरकारला जाहीर करावे लागले. कर चुकविण्याचे समर्थन कोणी करणार नाही. पण मालाच्या विक्रीसाठी ४० लाखांची आणि सेवेसाठी २० लाखांची मर्यादा काय आहे, दूध-भाजीसारखा करमुक्त माल तीत कसा धरायचा, हे न सांगता आधी कागद चिकटवायला लावणे आणि मग नोटीस पाठविणे, ही लोकशिक्षणाची रीत नव्हे.

त्याहून विचित्र प्रसंग खाते गोठविले जाण्याचा. कोणा भामट्याने लुबाडलेली रक्कम चार खात्यांतून फिरत शेवटी एखाद्या हॉटेलात जेवणाचे बिल होऊन येते, आणि पोलिसांच्या सूचनेवरून हॉटेलवाल्याचे सारे खाते बंद होते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, वादग्रस्त रकमेपुरतेच खाते गोठवावे, असा निर्णय दिला. दोनशे रुपयांच्या संशयावरून दोन लाखांचे खेळते भांडवल अडकले तर लहान दुकान आठवडाभरही तग धरीत नाही.

खर्च कोण देतो?

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चर्चा-निबंधात ८०० रुपयांच्या सरासरी दुकान-व्यवहारामागे साऱ्या घटकांना मिळून सुमारे दोन रुपये खर्च येतो, असे नमूद केले होते. म्हणजे शेकडा २५ पैसे. दुकानदार तो देत नाही, ग्राहक देत नाही. मग सरकार अनुदान देते. २०२४-२५ साठी केंद्रीय मंत्रिमंडळाने १,५०० कोटी रुपये मंजूर केले. लहान व्यापाऱ्याकडील दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर शेकडा १५ पैसे, असा त्याचा दर होता. २५ पैशांच्या खर्चाला १५ पैसे, आणि तेही काही व्यवहारांनाच. उरलेला खड्डा बँका आपल्या ठेवीदारांकडून व कर्जदारांकडून भरून काढतात. म्हणजे ज्याने कधी मोबाइलने पैसे दिले नाहीत असा खातेदारही त्यात सामील होतो.

मोबाइलवरील उपयोजने चालविणाऱ्या कंपन्यांनी वेगळा मार्ग धरला आहे. फोन-पे आणि गूगल-पे या दोघांकडे मिळून व्यवहारांचा चार-पंचमांशाहून अधिक हिस्सा आहे. पहिलीची मालकी मुख्यतः अमेरिकेतील वॉलमार्टकडे, दुसरी गूगलचीच. एका कंपनीचा हिस्सा ३० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, हा २०२० मध्ये जाहीर झालेला नियम पुढे ढकलत २०२६ च्या अखेरीपर्यंत नेण्यात आला. वटाव मिळत नाही म्हणून या क्षेत्रातील कंपन्या डबीचे भाडे, जाहिराती, विमा आणि कर्ज यांवर कमावतात. कर्जाची पद्धत लक्षणीय आहे. दुकानदाराची रोजची जमा आधीच ठाऊक असल्याने कर्ज तात्काळ मिळते, आणि हप्ताही रोजच्या रोज जमेतून वळता होतो. परभणी-हिंगोलीच्या भागात सावकारीचे अनुभव लोकांना नवे नाहीत. ऋणकोची वही धनकोच्या घरी असली की व्याजाची बोलणी कशी होतात, हे येथे निराळे सांगायला नको.

अशा स्थितीत ‘शून्य ठेवावे की काढावे’ हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये पिक्स ही अशीच व्यवस्था सुरू केली. तेथे व्यक्तींना ती विनामूल्य आहे, व्यापारी संस्थांकडून मात्र बँकांना आकार घेता येतो. भारतात देयक-उद्योगाच्या संघटनेने मार्च २०२५ मध्ये मोठ्या व्यापाऱ्यांच्या यूपीआय व्यवहारांवर शेकडा ३० पैसे लावण्याची मागणी केली. मागणी करणाऱ्यांचा स्वार्थ उघड आहे. पण म्हणून ती अयोग्य ठरत नाही. मोठा व्यापारी तो भार किमतींत मिळवील, हा आक्षेप बरोबर आहे. तरीही ज्याच्या दुकानात मोबाइलने पैसे दिले जातात त्याच्या गिऱ्हाइकाने तो सोसणे हे, प्रत्येक ठेवीदाराने न कळत सोसण्यापेक्षा अधिक न्याय्य आहे. २०१९ च्या कायद्यातच ५० कोटींच्या उलाढालीची रेषा आखलेली होती. त्या रेषेवरच्यांपासून आरंभ केल्यास आखाडा बाळापूरच्या पेठेला त्याची झळही लागणार नाही. त्यातून येणाऱ्या पैशाचा पहिला वाटा लहान दुकानदाराच्या डबीच्या भाड्यासाठी राखून ठेवला पाहिजे. शेकडा दराची चर्चा दिल्ली-मुंबईत रंगते. शंभर रुपयांच्या ठोक भाड्याची कोणी करीत नाही.

यात एक अडचण अगदी खालच्या पायरीवरची आहे. अनुदानाच्या योजनेत लहान व्यापारी म्हणून गणला जातो तो, ज्याची बँकेकडे वा कंपनीकडे व्यापारी अशी नोंद आहे. आठवडी बाजारात मिरच्या-कोथिंबीर विकणारी बाई आपल्या मुलाच्या खात्याचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून पुढ्यात ठेवते. तिला मिळालेले पैसे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठविलेले पैसे ठरतात. तिच्या व्यवहारावर बँकेला अनुदान मिळत नाही, म्हणून तिची नोंद करण्यात बँकेला रस नाही. आणि नोंद नाही, म्हणून उद्या लहान व्यापाऱ्यांसाठी जी काही सवलत ठरेल तिच्या यादीतही तिचे नाव येणार नाही. ही नोंद गावातील बँकेच्या शाखेला आणि बँकमित्राला बाजाराच्या दिवशी तासाभरात करता येण्यासारखी आहे.